सावित्राच्या कार्डावरचं शून्य

डॉक्टरांचं अक्षर वाईट असतं हा विनोद कृपा करून मला कुणी सांगू नये. सव्वीस वर्षं मी बीडमधल्या एका खासगी दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली आणि त्या विनोदावर हसण्याचं नाटक करून माझे गाल दुखले. अक्षर वाईट असलं तर माणूस भिंग लावून वाचतो, औषधाच्या दुकानात जाऊन विचारतो. मुळात काही लिहिलंच नसेल तर काय वाचायचं? माझी सगळी नोकरी न लिहिलेलं ओळखण्यात गेली, आणि ओळखलेलं कागदावर आणायची मला परवानगी नव्हती. या नोकरीचं खरं दुखणं ते आहे.

आमची रेकॉर्ड रूम जिन्याखाली, जनरेटरच्या शेजारी. पेशंटची फाईल माझ्याकडे येते. पानं क्रमाने लावायची, सह्या आहेत का पाहायच्या, आणि मग त्या माणसाला जे जे झालं होतं त्या प्रत्येक गोष्टीला एक आकडा द्यायचा. आजारांचे आकडे जगभर ठरलेले आहेत. त्यांची यादी विटेएवढी जाड असते, आणि आमच्याकडे जे सॉफ्टवेअर बसवलं त्यात ती आणखीच लांबलचक आहे. सरकारी योजनेत किंवा विम्यात बसणाऱ्या पेशंटचं पुढचं सगळं या आकड्यावर हलतं. लांबच्या शहरात बसलेला तपासणारा डॉक्टर पेशंटला बघत नाही. तो आधी आकडा बघतो, मग कागद बघतो, आणि दोन्ही जुळले तर हो म्हणतो. या कामाला कोडिंग म्हणतात. माझ्या आईला शेवटपर्यंत वाटत होतं की मी दवाखान्यात बसून रिझर्व्हेशनची तिकिटं काढते.

नियम एकच, पण तो जीव काढतो. डॉक्टरांनी आजार म्हणून जे लिहिलं असेल त्यालाच मी आकडा द्यायचा. स्वतःच्या डोक्याने एक अक्षर वाढवायचं नाही. पेशंट चुन्यासारखा पांढरा पडलाय, हिमोग्लोबिन सहा आहे, दोन बाटल्या रक्त चढवलंय, पण डॉक्टरांनी 'रक्तक्षय' हा शब्द लिहिला नसेल तर माझ्या दृष्टीने त्याला रक्तक्षय नाही. यावरून आमचे फिजिशियन डॉ. मिसाळ आणि मी यांची वर्षानुवर्षं जुंपायची.

"सहा हिमोग्लोबिन म्हणजे रक्त कमी, हे शेंबड्या पोराला पण कळतं, जोगदंड मॅडम."

"शेंबड्या पोराला कोडिंग करायचं नसतं, सर. मला करायचंय. लिहा."

ते लिहायचे, पण असं की पेन कागदातून आरपार जाईल.

विचारायची आमची रीत म्हणजे चिठ्ठी. पिवळ्या कागदावर प्रश्न लिहून फाईलला लावायचा. त्यातही गंमत अशी की प्रश्नात उत्तर सुचवायचं नाही. "रक्तक्षय आहे का?" असं विचारणं गुन्हा. "हिमोग्लोबिन सहा आहे, रक्त दिले आहे, कशासाठी ते कृपया लिहावे," असं विचारायचं. घरात मीठ संपलंय असं न म्हणता नवऱ्याला "जरा तो डबा उघडून बघता का" म्हणावं, तशातला प्रकार. नवरे आणि डॉक्टर दोघांनाही ही भाषा आवडत नाही.

आता ज्या आजारासाठी हे लिहायला बसले त्याबद्दल. अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून व्रण पडतात, मग जुलाब, कळा, शौचावाटे रक्त. औषधाने दबतो, माणसाला वाटतं गेला, आणि काही महिन्यांनी पुन्हा उफाळतो. आमच्या भागात या आजाराला स्वतःचं नावच नाही. कुणी हगवण म्हणतो, कुणी अंगातली उष्णता, आणि निम्मे जण मूळव्याध म्हणून कुठल्या तरी गावच्या औषधवाल्याकडे वर्षभर पुड्या खाऊन मग आमच्या पायऱ्या चढतात. तोवर आतड्याची चाळण झालेली असते.

आकड्यांच्या यादीत हा आजार के एक्कावन्न. पुढचा आकडा सांगतो की आतड्याचा किती भाग बिघडलाय. त्याच्या पुढचे सांगतात की त्यातून आणखी काय उपटलं: रक्तस्राव, अडथळा, नासूर, गळू, की आणखी काही. आणि शेवटी नुसतं शून्य असेल तर त्याचा अर्थ, आजार आहे पण गुंतागुंत काही नाही. कोलायटिस एवढंच लिहिलेलं असेल तर आम्ही के ५१.९० देतो. म्हणजे कुठला भाग ते माहीत नाही, आणि काही बिघडलेलंही नाही. सगळ्यात सोपा आकडा. आळशी डॉक्टरांचा आणि रुसलेल्या कोडरचा आवडता. रुसलेल्या कोडरबद्दल पुढे सांगते.

वडवणीकडचे एक पुढारी या आजाराने आठ दिवस आमच्याकडे होते. निवडणूक तोंडावर. घरी जायच्या दिवशी माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, ते कोलायटिस का काय ते कार्डावर नगं. समोरचे म्हनतेल, सायबाला हगवण लागली." मी म्हटलं, डॉक्टरांनी लिहिलंय, माझ्या हातात नाही. मग डॉक्टरांकडून हवं ते कसं लिहून घ्यायचं, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. कार्ड 'पोटाचा त्रास' एवढ्यावर निघालं. निवडणूक झाली, साहेब पडले, आजार पुन्हा उठला, आणि विमा कंपनीने विचारलं की हा आजार कधीपासून आहे त्याचा पुरावा द्या. साहेब परत माझ्यासमोर. "तवा कावून न्हाई लिवलं नीट?" मला म्हणाले. मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

कॉम्प्युटर आल्यावर हे सुधारेल असं वाटलं होतं. झालं उलटं. आता कालचं पान आज चिकटवता येतं. एका सत्तर वर्षांच्या आजोबांच्या फाईलमध्ये सलग पाच दिवस 'मासिक पाळी नियमित' असं होतं. मी चिठ्ठी पाठवली तर निवासी डॉक्टरने त्यापुढे 'तपासले, योग्य' लिहून सही केली.

अशा सगळ्यांत मी चिठ्ठ्या लिहीत राहिले. हट्टाने एक गोष्ट मात्र चालू करून घेतली होती. योजनेतल्या पेशंटचं डिस्चार्ज कार्ड त्याच्या हातात पडण्याआधी माझ्या टेबलावरून जायचं. काही राहिलं असेल तर तिथेच पकडायचं. या रीतीचा मला फार अभिमान होता आणि तो मी लपवतही नव्हते.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. स्टाफच्या चहाला डॉ. मिसाळ सगळ्यांसमोर म्हणाले, "जोगदंड मॅडमच्या चिठ्ठ्या म्हणजे सासूचे निरोप. माणूस जेवायला बसला की येणार." सगळे हसले. शबाना सिस्टर, जिच्याशी माझं वर्षानुवर्षांचं सूत, तीसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसली. मी कपात बघत राहिले. मनात ठरवलं की आता चिठ्ठी नाही. जे लिहिलंय त्याला आकडा, नाही लिहिलं त्याला शून्य. नियम तर हेच सांगतो ना? बघू या कोणाचं काय अडतं ते. पंधरा दिवस मी एकही चिठ्ठी पाठवली नाही. डॉक्टर खुशीत होते.

त्या पंधरा दिवसांत सावित्राची फाईल आली.

सावित्रा तलवाड्याकडची. वय सत्तावीस, नवरा भागवत, दोघं ऊसतोडीला जाणारे. आमच्याकडे कोयता म्हणजे हातातलं हत्यार तर खरंच, पण नवरा-बायकोच्या जोडीलाही कोयताच म्हणतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या यादीत माणसं नसतात, कोयते असतात. जोडीतलं एक माणूस आजारी पडलं तर अर्धा कोयता कुणी नेत नाही, दोघंही घरी राहतात. टोळी निघायला थोडे दिवस उरलेले असताना सावित्रा सहा दिवस आमच्याकडे भरती होती. स्टिरॉइडने जुलाब कमी झाले. डॉक्टरांनी कार्डावर लिहिलं, 'अल्सरेटिव्ह कोलायटिस. उपचार दिले. कंडिशन: बेटर.' खाली गोळ्यांची नावं आणि सही.

कार्ड माझ्या टेबलावर आलं. मी फाईल उघडली. आत शबानाचा तक्ता होता, तिच्या गोल अक्षरात. रोज किती वेळा शौच, त्यात रक्त किती, रात्री किती वेळा उठली. पहिल्या दिवशी नऊ वेळा, रक्त. घरी सोडायच्या दिवशी चार वेळा, रक्त आहेच. बेटर म्हणजे नऊवरून चार. एरवी मी पिवळा कागद ओढला असता: 'सिस्टरच्या तक्त्यात सोडायच्या दिवसापर्यंत रक्ताची नोंद आहे, आजारासंबंधी आणखी काही लिहायचे असल्यास लिहावे.' दोन मिनिटांचं काम. सिस्टरच्या तक्त्यावरून मला आकडा देता येत नाही, पण प्रश्न विचारता येतो. मी विचारला नाही. के ५१.९० टाकलं, शिक्का मारला आणि कार्ड खिडकीतून बाहेर दिलं. ते घ्यायला तिचा नवरा आला होता. मला हात जोडून गेला.

संक्रांतीनंतर ती परत आली. ऊसतोड चालू होती त्या साखर कारखान्यापासून एसटीने, दोन ठिकाणी गाडी बदलून, नवऱ्याच्या खांद्यावर मान टाकून. डॉ. मिसाळांनी पाच दिवस जोराचे उपचार केले, शिरेतून स्टिरॉइड दिलं. रक्त थांबेना. पोट फुगायला लागलं. ते म्हणाले, आता मोठं आतडं काढल्याशिवाय इलाज नाही, आणि ते संभाजीनगरलाच होईल, आणि होईल तेवढं लवकर. योजनेकडे मंजुरी मागितली.

मंजुरीऐवजी प्रश्न आला. माझ्याच पडद्यावर आला, कारण योजनेचं टेबलही माझंच. 'आधीच्या भरतीची नोंद पाहता आजार गुंतागुंतीविना, प्रकृती सुधारलेली. पूर्वी घेतलेल्या उपचारांचा पुरावा नाही. आतडे काढण्याचे कारण स्पष्ट करावे.' आधीच्या भरतीची नोंद म्हणजे माझं शून्य. मी ते पुन्हा एकदा वाचलं. तिकडे बसलेल्या डॉक्टरला मी दोष देऊ शकत नाही. त्याच्यापुढे होतं ते त्याने वाचलं.

मी फाईल घेऊन वर गेले. डॉ. मिसाळ वाचून भडकले. "पेशंट डोळ्यांनी दिसतोय, पोट ढोल झालंय, आणि हे कारण विचारतात?" मग म्हणाले, "मागचं कार्ड फाडा. मी दुसरं लिहून देतो, तीच तारीख टाकतो. रक्तस्राव, रक्तक्षय, सगळं घालतो."

"नाही," मी म्हणाले.

"बाई मरायला लागलीय, मॅडम. आता तुमचा नियम काढू नका."

"म्हणूनच काढतेय. जुनं कार्ड योजनेच्या कॉम्प्युटरवर चढवलेलं आहे. एकाच तारखेची दोन कार्डं दिसली की सगळी फाईल खोटी ठरेल, आणि मग तिला कोणीच हात लावणार नाही. आजची तारीख टाका, आजची वेळ टाका, 'उशिरा केलेली नोंद' असं वर लिहा, आणि तेव्हा काय होतं ते तक्त्यावरून लिहा. शबानाने सगळं लिहून ठेवलंय."

त्यांनी तक्ता पुढे ओढला. एकेक ओळ वाचली. सोडायच्या दिवसावर त्यांचं बोट थांबलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "हे असं होतं तर तुम्ही चिठ्ठी का नाही पाठवली?"

तुमच्या चहाच्या विनोदामुळे, असं ओठावर आलं होतं. पण ते उत्तर पन्नाशी ओलांडलेल्या बाईने द्यायचं म्हणजे किती हलकं, हे मला तिथल्या तिथे कळलं. मी म्हणाले, "चुकलं माझं." ते म्हणाले, "पहिल्यांदा चुकलं ते माझं," आणि लिहायला लागले. त्यांनी दीड पान लिहिलं. अक्षरही बरं काढलं.

पण पूर्वीच्या उपचारांचा पुरावा राहिलाच होता. भागवतला खाली बोलावलं. त्याने खांद्यावरच्या पिशवीतून खताच्या पोत्याचा तुकडा काढला, त्यात गुंडाळलेल्या औषधांच्या सहा-सात चिठ्ठ्या होत्या. दोन हंगामांच्या, कारखान्याजवळच्या एका दवाखान्याच्या. प्रत्येकीवर रक्ताचे जुलाब, प्रत्येकीवर स्टिरॉइडच्या गोळ्या. बंद केल्या की दीड-दोन महिन्यांनी पुढची चिठ्ठी. योजनेला हवं होतं ते सगळं. आणि नाव? प्रत्येक चिठ्ठीवर एकच नाव, 'दत्तू मुकादम टोळी'. त्याखाली, 'बाई'.

"हे काय?" मी जवळजवळ ओरडलेच.

"मुकादम ट्रॅक्टरमदी समद्यांला एकदमच नेतो, मॅडम. चार-पाच जन आजारी असले की एका दिशी. डॉक्टर टोळीचं नाव घालतो अन कुनाला काय झालं ते खाली लिवतो."

"पण ही बाई सावित्राच कशावरून?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आमच्या टोळीत दुसरी कोन रगात हागती?"

मला पटलं. कागदाला पटणार नव्हतं. मी डोक्याला हात लावून बसले. टोळ्या, मुकादम, डॉक्टर, योजना आणि मी स्वतः, सगळ्यांचा इतका राग आला होता की तो कुणावर काढावा कळेना, म्हणून भागवतवर काढला. "जिवंत बाईला नाव असतं, ते लिहून घ्यायचं नाही का?" तो म्हणाला, "आमाला कुठं वाचता येतंय, मॅडम?" मला माझीच लाज वाटली.

चिठ्ठीवर दवाखान्याचा फोन नंबर होता. लावला. तिकडच्या कंपाउंडरला आधी वाटलं चौकशी लागली आहे, म्हणून तो काही केल्या बोलेना. मी त्याला समजावलं, चढवलं, शेवटी शब्दशः विनवलं. मग तो म्हणाला, "चिठ्ठीवर न्हाई, पन सलाईन लावताना आम्ही नाव घेतो. अंगठा घ्यावा लागतो ना." माझ्या अंगात एकदम बळ आलं. "मग त्या वहीचे फोटो पाठवा," मी म्हटलं, "चिठ्ठीच्या तारखा सांगते, त्याच दिवसांचे." त्याने अर्ध्या तासात चार पानांचे फोटो पाठवले. चारही पानांवर, बाकीच्या नावांमध्ये, सावित्रा भागवत, आणि शेजारी निळा अंगठा. दुपारी त्यांच्या डॉक्टरने सही-शिक्क्याचं पत्रही दिलं.

मी नव्याने आकडे लावले. संपूर्ण आतड्याचा आजार, रक्तस्रावासह. आतडं फुगल्याचा वेगळा आकडा. रक्तस्रावाने झालेला रक्तक्षय, कारण आता तो लिहिला होता. चिठ्ठ्या, वही, पत्र, शबानाचा तक्ता, डॉक्टरांचं दीड पान, सगळं क्रमाने जोडलं. प्रश्न आल्यापासून दोन दिवस गेले होते. ते दोन दिवस मी कामाला आल्या-आल्या आधी वॉर्डात जाऊन तिचा पलंग भरलेला आहे का ते बघत होते. रेकॉर्डवाल्याने वॉर्डात जायचं काही कारण नसतं. शबानाने मला दारात बघितलं, काही विचारलं नाही, नुसती मान हलवली. आहे म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंजुरी आली. ॲम्ब्युलन्स दारातून बाहेर पडली तेव्हा मी खिडकीतून बघत होते. डॉ. मिसाळ पायरीवर उभे होते. त्यानंतर चिठ्ठ्यांबद्दल त्यांनी कधी विनोद केला नाही. चिठ्ठ्या वेळेवर मात्र अजूनही भरत नाहीत, ते वेगळं.

ऑपरेशन झालं. मोठं आतडं गेलं, पोटावर पिशवी बसवली. सावित्रा वाचली.

चैत्रात ती स्वतःच माझ्या खिडकीशी आली. आधी ओळखलंच नाही. अंगावर थोडं मांस आलेलं, चेहऱ्याला रंग. पदर पोटावर एका विशिष्ट तऱ्हेने धरलेला. भागवत बाहेर झाडाखाली मोटरसायकलपाशी थांबला होता. ती म्हणाली, "मॅडम, कागदाची झेरॉक्स पाहिजे." मी काढून दिली. ती जाईना.

"आनखी काय पाहिजे?" मी विचारलं. तिच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप तिच्याकडे वळते.

"माज्या आजाराचं नाव काय हाय?"

तिच्या आजाराचं नाव मी केवढ्या लोकांना सांगितलं होतं. योजनेला, तिकडच्या कंपाउंडरला, संभाजीनगरच्या टेबलांना. ते कागदावर नीट यावं म्हणून दोन दिवस सगळ्यांशी भांडले होते. तिला कुणीच सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्या पेशंटला मी त्याचा आजार वाचून दाखवला होता, तेही आठवेना.

मी तिला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. नाव सांगितलं, आतड्यात काय होतं ते सांगितलं, रक्त का जायचं, थकवा का यायचा. शेवटी ती म्हणाली, "म्हंजी दिवसातून आठ-नऊदा उठावं लागतं, ते ह्या आजारातच असतं?"

"ह्याच आजारात."

"फडातून उठून जायची तर समदे म्हनायचे, काम चुकिवती. हे बी म्हनायचे." तिने बाहेर झाडाकडे मान केली. "मी म्हनायची, मला लई होतंय. तर मुकादमानं ते कार्ड समद्यांम्होरं वाचलं. त्याला विंग्रजी येतं थोडं. म्हनला, बेटर लिवलंय बघा डॉक्टरनं. काय न्हाई हिला, नाटक हाय."

जनरेटर चालू नव्हता. त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती.

"आता जे सांगितलं ते मराठीत लिहून द्या," ती म्हणाली. "मोठं अक्षर काढा. मुकादमाला चष्मा हाय."

कागदावर स्वतःच्या डोक्याने एक अक्षर वाढवायचं नाही, हा नियम मी नोकरीभर पाळला. रेकॉर्डवाल्या बाईच्या लिहिण्याला कुठल्याही टेबलावर किंमत नाही, हेही मला ठाऊक होतं. तरी मी तिच्या झेरॉक्सचं कोरं अंग वर केलं आणि लिहिलं. 'सावित्रा भागवत हिला मोठ्या आतड्याचा गंभीर आजार होता. त्यात दिवसातून अनेक वेळा शौचास जावे लागते व रक्त जाते. हा आजार तिला दसऱ्याच्या भरतीच्या वेळीही होता व घरी सोडले त्या दिवशीही रक्त जात होते. त्या वेळच्या कार्डावर हे लिहायचे राहून गेले. ती खोटे बोलत नव्हती. राहिले ते आमच्याकडून, आणि कार्ड तपासण्याचे काम माझे होते.' खाली पूर्ण नाव लिहिलं, सही केली, आजची तारीख टाकली.

तिने कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि माझ्याकडे परत दिला. "वाचून दावा."

मी वाचला. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "घरी सोडलं त्या दिशीपासून पुढचं परत एकदा वाचा."

मी वर बघितलं तेव्हा भागवत दाराशी येऊन उभा राहिला होता. कधी आला होता कुणास ठाऊक. मी परत वाचलं, या वेळी जरा मोठ्याने.